दोनशे नॅनोमीटरच्या पलीकडे

शुक्राणूच्या शेपटीचं टोक मला कधीच नीट दिसत नाही. वीर्यतपासणीच्या टेबलावर बसून एवढी वर्षं गेली, डोकं, मान, मधला भाग हे डोळा आता न सांगता टिपतो. पण शेपूट मागे मागे जाताना विरळ होत जाते आणि एका जागी ती संपली की फक्त दिसेनाशी झाली, हे ठरवता येत नाही. शंभर पटीचं भिंग लावा, तेलाचा थेंब घाला, प्रकाश एकवटणारा कंडेन्सर बसवा, दिवा मध्यावर आणा, टोक काही हाती लागत नाही. यात मशीनचा दोष नाही. प्रकाशच तिथवर पोहोचत नाही.

१८७३ साली जर्मनीत येना इथे एर्न्स्ट आबे यांनी ही हद्द गणिताने मांडली. भिंग कितीही निर्दोष घासलं तरी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. ते मिसळून एकच डाग होतो. हिरवा प्रकाश ५५० नॅनोमीटरचा धरला (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) आणि १.४ न्यूमेरिकल ॲपर्चरचं, म्हणजे खूप तिरके किरणही गोळा करणारं, उत्तम भिंग घेतलं, तर ही हद्द २०० नॅनोमीटरच्या आसपास येते. आमच्याकडच्या १.२५ च्या भिंगाला ती २२०. आता शुक्राणूच्या शेपटीचा गाभा केवढा? तोही साधारण २०० नॅनोमीटर. त्या गाभ्यात नऊ जोडनळ्यांचं कडं आहे, मध्यभागी आणखी दोन नळ्या आहेत, प्रत्येक नळी जेमतेम २५ नॅनोमीटरची, आणि शेजारच्या नळीला धरून ओढणारे प्रथिनांचे हात आहेत. शुक्राणू पोहतो तो या हातांच्या जोरावर. हा सगळा संसार प्रकाशाच्या एका डागात मावतो. मी रोज त्याच्याकडे बघते, आणि मला दिसते ती एक रेघ.

म्हणून डेल्फ्टच्या आंतोनी व्हान लेव्हेनहूक यांचं मला फार अप्रूप वाटतं. कापडाचे व्यापारी, विद्यापीठात कधी न गेलेले, स्वतः घासलेलं एकच इवलंसं भिंग डोळ्याशी धरून बघणारे. १६७७ मध्ये लायडनचा वैद्यकीचा विद्यार्थी योहान हाम एका रुग्णाचं वीर्य घेऊन त्यांच्याकडे आला. त्यात शेपटीवाले जीव हलताना त्याला दिसले होते. लेव्हेनहूक यांनी मग निरोगी नमुना पाहायचा ठरवला, म्हणजे स्वतःचाच. लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष लॉर्ड ब्राउंकर यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आधी खुलासा केला, की हा नमुना कुठल्या पापाचरणाने मिळवलेला नाही, पतिपत्नीच्या संबंधानंतर उरलेला आहे, आणि नाडीचे सहा ठोके पडायच्या आत तो भिंगाखाली आणला होता. विद्वानांना हे किळसवाणं वाटलं तर छापू नका, असंही त्यांनी लिहिलं. संकोच होता, पण त्यापायी त्यांनी निरीक्षण दडपलं नाही. आजही नमुना द्यायला आलेला माणूस डबी रुमालात गुंडाळून, नजर खाली घालून काउंटरवर ठेवतो, तेव्हा मला ते पत्र आठवतं.

त्याच पत्रात शेपटीचं माप आहे: शरीराच्या पाच-सहा पट लांब, आणि फार पारदर्शक. आज आपण डोकं चार-पाच मायक्रोमीटरचं (एक मायक्रोमीटर म्हणजे हजार नॅनोमीटर) मोजतो आणि शेपटीचा मुख्य भागच ४५ मायक्रोमीटरच्या घरात जातो. म्हणजे पट दहाच्या आसपास. लेव्हेनहूक यांच्या मापात निम्मी शेपूट गेली कुठे? मला वाटतं, तीही तिथेच हरवली जिथे माझी हरवते. मागचा बारीक भाग त्यांच्या भिंगाला पेलला नसावा, आणि जेवढं दिसलं तेवढंच त्यांनी लिहिलं. पुढे १६९४ मध्ये पॅरिसला छापलेल्या पुस्तकात निकोलास हार्टसूकर यांनी शुक्राणूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला चिमुकला माणूस काढला. आपण तो पाहिला असं त्यांनी म्हटलं नव्हतं. दिसू शकलं तर कदाचित असं दिसेल, एवढंच म्हटलं होतं. पण चित्र लोकांच्या डोक्यात बसलं. जिथे भिंग थांबतं तिथे कल्पना कामाला लागते, आणि कल्पनेची रेघ नेहमी भिंगाच्या रेघेपेक्षा ठसठशीत असते.

माझ्या कामातली रंगवलेली स्लाइड मात्र मला मनापासून आवडते. पापानिकोलाऊ पद्धतीने रंगवली, की डोक्याचा पुढचा भाग फिकट निळा आणि मागचा गडद निळा दिसतो. पुढची फिकट टोपी म्हणजे ॲक्रोसोम, बीजांडाच्या कवचातून वाट काढायला लागणारी विकरं साठवलेली पिशवी. तिने डोक्याचा ४० ते ७० टक्के भाग व्यापलेला असायला हवा. या टोपीखाली आणि मागच्या गडद भागात मिळून वडिलांकडून जाणारा डीएनए. उलगडून सरळ केला तर जवळपास एक मीटर भरेल, आणि बसतो चार-पाच मायक्रोमीटरच्या डोक्यात. शरीरातल्या इतर पेशींत डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. शुक्राणू घडताना ते हिस्टोन बहुतांशी काढून टाकले जातात आणि प्रोटामीन नावाची प्रथिनं येऊन डीएनए इतका घट्ट आवळतात, की आतली वाचन-लेखनाची सगळी कामं बंद पडतात. डोक्याखाली मधला भाग, त्यात मायटोकॉन्ड्रियांचं वेटोळं. एवढं सगळं साध्या सूक्ष्मदर्शकातून, काही रुपयांच्या रंगात दिसतं. नवी मुलगी कामाला आली की मी तिला पहिले काही दिवस मोजायला लावतच नाही. नुसतं बघ म्हणते.

मग मोजणी येते, आणि तिच्यासोबत तो चार टक्क्यांचा आकडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेप्रमाणे किमान २०० शुक्राणू एकेक करून तपासायचे आणि त्यातले आकाराने निर्दोष किती ते लिहायचं. खालची मर्यादा ४ टक्के. हे निकष फार कडक आहेत; दक्षिण आफ्रिकेतल्या टायगरबर्ग रुग्णालयात १९८०च्या दशकात ते आकाराला आले, आणि जरा संशय आला तरी शुक्राणू सदोष धरायचा अशी त्यांची शिस्त आहे. एकदा एक गृहस्थ रिपोर्ट हातात घेऊन परत माझ्या खिडकीशी आले. बायको बाकावर बसली होती, तिच्या तपासण्यांची फाईल दोन बोटं जाड. त्यांची स्वतःची ही पहिलीच चिठ्ठी.

"ताई, शंभरात चारच चांगले? म्हणजे पार नापासच की मी."

"नापास नाही हो दादा. वर्षभरात ज्यांच्या बायकांना दिवस गेले अशा बापांचे नमुने तपासून हा आकडा काढलाय. त्या बापांमध्येही शंभरातल्या पाचांचे निर्दोष शुक्राणू चार टक्क्यांच्या खालीच होते."

"म्हणजे त्यांना पोरं झाली?"

"झाली."

ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. पस्तीस टक्क्यांना पास होण्याची सवय असलेल्या माणसाला हा आकडा कसा वाचायचा हे कुणीतरी सांगावं लागतं, आणि ते सांगायला आपल्याकडच्या गर्दीत कुणाला वेळ नसतो. बायकोची फाईल एवढी जाडजूड होईपर्यंत नवऱ्याची एक डबी कुणी मागितली नाही, याचा मला राग येतो. वंध्यत्वाच्या जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा दुसऱ्या कारणासोबत असतं. तपासणी स्वस्त आहे, सुई टोचत नाही. तरी ती शेवटी होते.

आकाराचा हा हिशेब किती अपुरा आहे, हे मला बियॉर्न आफ्झेलियस यांच्या कामावरून कळलं. स्टॉकहोमचे हे शास्त्रज्ञ इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली शेपट्यांचे काप बघत. १९७६ साली त्यांनी काही पुरुषांबद्दल लिहिलं, ज्यांचे शुक्राणू जिवंत होते पण जागचे हलत नव्हते. या पुरुषांना लहानपणापासून सर्दी, कफ, सायनसचा त्रास. आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं हृदय उजवीकडे. या तिन्ही गोष्टींचा धागा त्यांना शेपटीच्या कापात सापडला. जोडनळ्यांवरचे प्रथिनांचे हात गायब होते. श्वासनलिकेतला कफ वर लोटणारे केसही याच यंत्राने चालतात, गर्भात हृदय कोणत्या बाजूला जायचं हेही अशाच केसांच्या हालचालीवर ठरतं. हात नाहीत, म्हणून कफ साचतो, हृदयाची बाजू ठरायची ती नशिबावर ठरते, आणि शुक्राणू पोहत नाहीत. अशा माणसाची स्लाइड माझ्या टेबलावर आली तर शेपटी मला सरळ, लांब, नीटस दिसू शकेल. दोष असेल त्या २०० नॅनोमीटरच्या डागाच्या आत.

त्या डागाच्या आत प्रकाशानेच शिरता येईल, असं माझ्या शिक्षणाच्या काळात कुणी म्हटलं असतं तर पटलं नसतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने शिरता येत होतं, पण त्यात काप पातळ करावा लागतो, पेशी निर्वात पोकळीत जाते, आणि अमुक एक प्रथिन नेमकं कुठे आहे हे दाखवणं जिकिरीचं असतं. श्टेफान हेल यांनी १९९४ मध्ये लेसरच्या दुसऱ्या किरणाने चमक कडेकडेने विझवून मधला बिंदू बारीक करायची कल्पना मांडली. २००६ मध्ये एरिक बेट्झिग आणि शाओवेई झुआंग यांच्या गटांनी दुसरी वाट काढली, आणि ती मला जास्त मोहवते. पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदऱ्याकडे काजव्यांनी लगडलेली झाडं दिसतात. सगळे काजवे एकदम पेटले तर लांबून फक्त उजेडाचा गोळा दिसेल, पण एका वेळी एखाद-दुसराच पेटला तर प्रत्येकाची जागा टिपता येईल. या पद्धतीत रंगाचे रेणू तसेच विरळ विरळ चमकवतात, हजारो चित्रं घेतात, प्रत्येक ठिपक्याचा मध्य गणिताने काढतात आणि सगळे मध्य एका नकाशावर मांडतात. आबे यांचा नियम मोडत नाही, त्याला वळसा घातला जातो. २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल हेल, बेट्झिग आणि विल्यम मर्नर यांना मिळालं ते या वळशांसाठी.

शुक्राणूच्या शेपटीवर हा प्रकाश पडला तेव्हा जे दिसलं ते पहिल्यांदा पाहताना मी खुर्चीत सरसावून बसले होते. कॅटस्पर नावाच्या कॅल्शियमच्या वाहिन्या शेपटीत असतात हे २००१ पासून माहीत होतं. कॅल्शियम आत शिरलं की शेपूट शांत लाटा सोडून चाबकासारखे फटके मारू लागते. बीजांडाच्या कवचात घुसायला तो जोर लागतो. माणसाच्या शुक्राणूत ही वाहिनी प्रोजेस्टेरॉन या स्त्री-संप्रेरकाच्या स्पर्शाने उघडते, हे २०११ मध्ये दोन गटांनी दाखवलं. साध्या चमकत्या रंगात ती शेपटीभर पसरलेली दिसायची. २०१४ मध्ये डेव्हिड क्लॅफम यांच्या गटाने अतिसूक्ष्म प्रतिमा घेतल्या, तर वाहिन्या चार सरळ ओळींत उभ्या! शेपटीच्या लांबीभर, चार रांगा, त्यांना धरून कॅल्शियमचा संदेश पुढे नेणारी इतर प्रथिनं. २०१८ मध्ये पोलिना लिश्को यांच्या गटाला आणखी एक दिसलं: प्रोटॉन बाहेर सोडणाऱ्या वाहिन्या दोनच ओळींत, आणि त्याही असमान. माणसाचा शुक्राणू पोहताना स्वतःभोवती फिरतो, त्या फिरण्याशी ही असमान मांडणी जोडलेली आहे. मला एक रेघ दिसते त्या जागी एवढी शिस्तबद्ध मांडणी आहे. कॅटस्पर नीट काम करत नाही असे पुरुषही सापडले आहेत, ज्यांचा काउंट, हालचाल, आकार सगळं रिपोर्टात ठीक असतं आणि मूल मात्र होत नाही. अशा कुणाला मी "सर्व नॉर्मल" लिहिलेला कागद दिला असेल, तर त्या कागदाने त्याचं कोडं आणखी घट्ट केलं असणार.

त्याच वर्षी, २०१८ मध्ये, अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या तोमेर अविडोर-राइस यांच्या गटाने शुक्राणूच्या मानेबद्दलचं एक जुनं गृहीतक उलटवलं. पेशी विभागायला सेंट्रिओल नावाची दोन इंद्रियकं लागतात. बीजांडाकडे ती नसतात, ती वडिलांकडून येतात. पुस्तकांत होतं की माणसाचा शुक्राणू एकच आणतो, दुसरं झिजून गेलेलं असतं. अतिसूक्ष्म प्रकाशचित्रणात दिसलं की दुसरं गेलेलं नाही, त्याने रूप बदललंय. नेहमीच्या नळकांड्याऐवजी त्याच्या काड्या पंख्यासारख्या फाकलेल्या आहेत. ओळखीच्या आकाराची सवय असलेल्या डोळ्यांना ते तिथे असूनही दिसलं नव्हतं. उंदरावर हे कळणं अवघडच होतं, कारण उंदराचा शुक्राणू सेंट्रिओल नेतच नाही. माणसाचं माणसातच बघावं लागलं.

आता या सगळ्यातली अडचण. ज्या शुक्राणूच्या या प्रतिमा आहेत, तो मेलेला आहे. त्याला फॉर्मल्डिहाइडने जागच्या जागी गोठवतात, पेशीच्या आवरणाला भोकं पाडून रंगीत प्रतिपिंडं आत सोडतात, मग हजारो चित्रं घेतात. जिवंत शुक्राणू सेकंदाला २५ मायक्रोमीटर सहज जातो, म्हणजे स्वतःच्या डोक्याएवढं अंतर सेकंदाच्या पाचव्या भागात. पुरेशी चित्रं जमेपर्यंत तो चौकटीतून कधीच निघून गेलेला असेल. २०१५ मध्ये एमआयटीच्या एड बॉयडन यांच्या गटाने पेशीच फुगवायची युक्ती आणली. लहान बाळांच्या डायपरमध्ये पाणी शोषणारा जो पदार्थ असतो, त्याच जातीच्या जेलमध्ये पेशी रुजवून साडेचार पट ताणायची, म्हणजे साध्या भिंगालाही आतलं दिसतं. तीही मेलेलीच पेशी. आणि माझी आवडती निळी स्लाइड? ती हवेत सुकवलेली, अल्कोहोलमध्ये बुडवलेली. ज्याला आपण नीट पाहिलं त्याच्यापासून मूल होणार नाही, आणि ज्याच्यापासून मूल व्हायचं त्याला नीट पाहता आलेलं नाही. माझ्या व्यवसायाचा सगळा पेच मला या एका ठिकाणी गोळा झालेला दिसतो.

परळच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून हर्षा या टेस्ट ट्यूब बाळाचा जन्म झाला, तेव्हा शुक्राणू निवडायची गरज नव्हती. बीजांडाभोवती ते सोडले जात आणि निवड त्यांच्यातच व्हायची. १९९२ मध्ये ब्रुसेल्समध्ये जानपिएरो पालेर्मो आणि सहकाऱ्यांनी इक्सी आणलं, एकच शुक्राणू सुईने थेट बीजांडात. तेव्हापासून निवडायचं काम माणसाच्या डोळ्यावर आलं. हे काम २०० ते ४०० पटीवर, हॉफमन पद्धतीच्या प्रकाशात, प्लॅस्टिकच्या डिशमध्ये होतं. दाट द्रावणात शुक्राणूचा वेग कमी करायचा, बरा दिसेल तो हेरायचा, सुईने त्याची शेपूट दाबून त्याला थांबवायचं, उचलायचं. भ्रूणशास्त्रज्ञ मैत्रिणीच्या शेजारी बसून मी हे पाहिलंय. तिचा हात क्षणभरही थरथरत नाही, आणि निर्णय काही सेकंदांचा असतो.

या सेकंदांना मदत म्हणून इस्राएलच्या बार्टूव्ह यांच्या गटाने २००० नंतरच्या पहिल्या वर्षांत इम्सी पुढे आणलं, म्हणजे इक्सीसाठीचा शुक्राणू खूप मोठ्या प्रतिमेत पाहून निवडणं. काचेच्या तळाची डिश, कारण नोमार्स्की पद्धतीच्या ध्रुवित प्रकाशाला प्लॅस्टिक चालत नाही, आणि पडद्यावर ६००० पट मोठी प्रतिमा. जिवंत शुक्राणूच्या डोक्यात खळगे दिसू लागले. खळगे नसलेला निवडा, असा सल्ला निघाला. ६००० पट हा आकडा जाहिरातीत फार भारदस्त दिसतो, पण त्यात कॅमेऱ्याने आणि पडद्याने केलेला फुगवटा धरलेला आहे. आबे यांची हद्द तिथेच्या तिथे आहे. पुढे फ्रान्समधल्या अभ्यासात मोठे खळगे डीएनए नीट आवळला न गेल्याशी जोडलेले आढळले, म्हणजे निरीक्षणात तथ्य होतं. लहान खळगे मात्र निरोगी बापांच्या शुक्राणूंतही असतात. आणि खरा प्रश्न, निवडीमुळे जिवंत मुलं जास्त जन्मली का? वैद्यकीय पुरावा पारखणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्याने तोवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या आणि म्हटलं, की इम्सीच्या बाजूने किंवा विरुद्ध काही सांगण्याइतका पुरावा नाही. तरी खर्चाच्या कागदावर ते वेगळी ओळ म्हणून येतं, आणि शेत गहाण ठेवून आलेलं जोडपं "डॉक्टर, जे चांगलं असेल ते करा" म्हणतं. त्या वाक्यातल्या विश्वासाला आपण पुराव्याने उत्तर द्यायला हवं.

माझी आशा सध्या रंगाविना बघण्याच्या पद्धतींवर आहे. शुक्राणूच्या डोक्यातला घट्ट डीएनए प्रकाशाला जरासा उशीर करतो. तो उशीर व्यतिकरणाने, म्हणजे दोन प्रकाशलाटा एकमेकींवर पाडून, मोजला, की पेशीला हातही न लावता तिच्या जाडीचा आणि आतल्या द्रव्याचा नकाशा मिळतो. तेल अवीव विद्यापीठात नातान शाकेद यांचा गट यावर बरीच वर्षं काम करतोय. आपल्या आयआयटी दिल्लीतले दलीप सिंग मेहता आणि नॉर्वेतल्या ट्रोम्सो इथले संशोधक यांनी २०१९ मध्ये दाखवलं, की ऑक्सिडेशनचा ताण दिलेल्या शुक्राणूंच्या डोक्याचा हा नकाशा निरोगी शुक्राणूंपेक्षा वेगळा येतो, आणि संगणकाला तो फरक शिकवता येतो. २०० नॅनोमीटरची हद्द इथेही पाळली जाते, पण हद्दीच्या आत काय जमलंय याचं वजन कळतं. शुक्राणू पोहत असताना हे करता येणं हीच यातली मोठी गोष्ट. अजून हे प्रयोगशाळेतलं आहे, आमच्यासारख्यांच्या टेबलावर यायला वेळ लागेल.

या विषयावरचा नवा लेख मिळाला की मी चित्रं बाजूला ठेवते, कितीही देखणी असली तरी. आधी तक्ते चाळते: निवडलेल्या शुक्राणूंपासून किती बीजांडं फळली, किती गर्भ टिकले, किती मुलं घरी गेली. पहिला आकडा कधी कधी असतो. शेवटचा बहुतेक वेळा नसतो.